अस्तर कोण बघतंय?

मंडळी, आज एकच प्रश्न. भ्यालेला माणूस सगळ्यात आधी काय सोडतो? हं, बोला! चप्पल? पिशवी? मागून कुणीतरी म्हणालं, धोतर! शाबास, जवळ आलास बाबा! आजचं आख्यान चड्डीचंच आहे.

हसताय? कीर्तनात चड्डी आणली म्हणून? अहो, नेसूनच आलात ना सगळे! मृदंगबुवा, जरा हात आवरा. ऐका.

आमच्या शिवारालगतच्या गावात रंगनाथ औटी म्हणून गृहस्थ. पतसंस्थेत मॅनेजर. मिशी ताठ, आवाज मोठा. रक्तात साखर निघाली, डॉक्टर म्हणाले पळा. आणि हा पळायला लागला! लेक कल्याणी, कॉलेजात शिकणारी, ती आधीपासूनच पळायची. बापाला सोबत झाली.

जवळच्या रस्त्यावर पळून झालं, तसं एक दिवस म्हणाला, "आता धरणापर्यंत पळायचं!" लांबचा पल्ला. त्यासाठी चड्डी घ्यायला दोघं बाजारात. पोरगी शहाणी. म्हणाली, "पप्पा, आतून अस्तर असलेली घ्या. मऊ जाळीचं. लांब पळताना मांडीला मांडी घासत नाही, घाम धरत नाही. आत हात घालून बघा, शिवण टोचते का."

यानं बघितली का? छे! याची नजर वरच्या खुंटीवर. केशरी, चकचकीत, पातळ पॅराशूटचं कापड!

"पप्पा, हिला अस्तर नाही."

"अगं, अस्तर कोण बघतंय?"

वाक्य लक्षात ठेवा, मंडळी.

पहाट सरली, उजाडलं. धुकं असं की दहा पावलांपुढचं दिसेना. बाप पुढं, लेक मागं. गावात कुत्री, ट्रॅक्टर, रामराम. गाव सुटलं, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस! पुरुषाच्या वर गेलेला. चार दिवसांपूर्वी त्याच उसातून वाघ आला होता. आपल्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. गावातल्या ढोमशांचं वासरू गोठ्यातून नेलं होतं त्यानं.

सगळं गप्प. आणि ऐकू आलं —

सर्र... सर्र...

कुठून? मागून! कडेच्या वाळल्या पाचटातून कुणीतरी चालत असावं तसं. रंगनाथ जरा जोरात पळाला. सर्र-सर्र-सर्र! तेही जोरात! मागं वळायची छाती होईना.

तेवढ्यात लेकीची हाक — "पप्पा, थांबा! लेस सुटली!"

मंडळी, उसाच्या कडेला वाकून बसू नये, हे आपल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. हाक ऐकू आली का रंगनाथला? आली! चांगली ऐकू आली!

आणि बाप पळाला!

असा पळाला, की घामानं मांड्या सोलल्या, रक्त आलं, तरी थांबेना. शेवटी ओढ्याच्या मोरीवर पाय उचलेना, तेव्हा थांबला. आवाजही थांबला. एक पाय उचलला. सर्र. दुसरा उचलला. सर्र.

चड्डी! त्याची स्वतःची चड्डी!

हसू फुटलं त्याला. "कल्याणी, अगं गंमत —" म्हणत वळला.

मागं नुसतं धुकं.

आता, मंडळी, आत्ता खरी भीती! "कल्याणी!" उत्तर नाही. फेंगडे पाय टाकत, भाजल्यासारख्या मांड्या घेऊन तोच रस्ता उलटा. दर पावलाला सर्र. दर पावलाला वाटतंय, रस्त्यावर आता काय दिसणार? फाटकी ओढणी? बूट? कसले नवस नाही बोलला तो!

दिसली. रस्त्याच्या मधोमध उभी. दोन्ही हात वर. ओरडून ओरडून घसा बसलेला, नुसती हवा बाहेर येत होती. आणि समोर बांधावर — तो. बसलेला. तिच्याकडं बघत.

मान न वळवता पोरगी म्हणाली, "पप्पा, पळू नका."

बाप तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. ओरडला. टाळ्या पिटल्या. जनावरानं दोघांकडं बघितलं, उठलं, ऊस हलला, गेलं.

पोरगी रडली नाही. एवढंच विचारलं, "पप्पा, मी हाक मारली होती. ऐकू नाही आली?"

आणि बाप काय म्हणाला? "या चड्डीच्या आवाजात नाही गं आली."

खोटं! धडधडीत खोटं! मलाच सांगितलं त्यानं नंतर, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी अस्तराची चड्डी आणली. आत हात घालून, शिवण बघून आणली! मांड्या बऱ्या झाल्या. दोघं अजून पळतात. पण आता पोरगी पुढं असते. आणि थोड्या थोड्या वेळानं वळून बघते, बाप येतोय ना मागून.

तो मला म्हणाला, "महाराज, ती वळली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

तेव्हा सांगा, भ्यालेला माणूस आधी काय सोडतो? आता म्हणा की धोतर! वरून केशरी, चकचकीत तुम्हीही आहात, मीही आहे. फेटा बघा माझा! तुमच्याही मागं काहीतरी सर्र-सर्र वाजतंय, आणि तुम्ही पळताय. घरी जाताना एकदा वळा. हाक कुणाची आली होती, आठवा. अस्तर कोण बघतंय म्हणता? अहो, ज्याला मागं टाकून पळालात ना, तो बघतो!

उचला टाळ. आणि शेजारच्याचा हात सोडू नका. बोला, विठ्ठल विठ्ठल!