कुकरची शिट्टी आणि माझा अंदाज

माझ्या ‘अंदाजा’चं कौतुक करताय ना, मग खरं काय ते ऐका. परदेशातली मॅच. त्या स्पर्धेत भारताच्या मुली हँडबॉलमध्ये कधीच जिंकल्या नव्हत्या. आम्ही एका गोलने पुढे, आणि शेवटच्या क्षणी त्यांना पेनल्टी! गोलात मी. शिट्टी वाजली तशी मी दचकून उडाले. हात एकीकडे, पाय एकीकडे. चेंडू नडगीवर आपटून बाहेर गेला. जिंकलो!

कोच मॅडमनी मिठीच मारली. "काय अंदाज घेतलास गं!"

मग सोलापूरहून आईचा फोन. "मोबाईलवर बघितलं की. कुकरच्या शिट्टीला उडतीस, तशीच उडालीस!"

"आई, हळू बोल, मॅडम इथंच आहेत."

"न्हाय सांगत कुणाला. पण घरी आलीस की आदी कुकरच्या पाया पड."