गेटवरचा बडग्या

“—आन् बॅटऱ्या चार्जिंगले लावून ठेवते दिवसभर, मंगळवारी तर एक फुटली त्याच्या खोलीत, आन्—” बस म्याडम, येवढंच ऐकू आलं मले. भाजीच्या ठेल्यापाशी आमच्या गल्लीतली अरुंधती सांगून राहिली होती कोपऱ्यावरच्या बाईले, मी जवळ गेली तशी दोघी चूप. आता चूप काहून व्हायचं? लपवण्यासारखं काही असन तेव्हाच माणूस चूप होते ना? — तुम्ही सांबारवडी घ्या, तुमच्याकडं कोथिंबीर म्हणतात तिची, थंडी झाली की मजा नाही. लिहिता लिहिता खा. प्रेमलता माही वीस वर्षांची शेजारीण आहे, तुम्ही तिच्या वकील म्हणजे आमच्या घरच्याच. तिच्यासाठी जे सांगा लागते ते मी सांगते.

तर तो पियुष. तिच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहे, नरखेडकडचा, असन अठ्ठावीसचा. येता-जाता “काकू, बरं आहे ना” म्हणे, तसा वाईट नव्हता — पण खोके किती येत त्याचे, लांबच लांब, आन् दार कायम लावलेलं. आमच्या हुडकेश्वरात कोणाचं दार कायम लावलेलं राह्यते? इथं कोणाचं वरण करपलं ते चार घरं सोडून माहीत होते. मी एकदा विचारलंही, काय करून राहिला गा वर? म्हणे, मशीनचं काम आहे काकू. कोणती मशीन? ते नाही सांगतलं. मग बॅटरी फुटली म्हटल्यावर मी काय समजू? त्याच दुपारी गेली प्रेमलताकडे. ती दम्याची बाई, पापड वाळवून राहिली होती. म्हटलं, तुह्या डोक्यावर बॉम्ब बनून राहिला आन् तू पापड कशाचे घालते वं? लाव फोन. लावला तिनं, एकशेबारावर. तिच्याच फोनवरून, तिच्याच तोंडानं. तुम्हीच तर मघा म्हटलं — संशय आला, खऱ्या मनानं, नीट खात्री करून पोलिसाले सांगतलं, तर ते खोटं निघालं तरी बदनामी धरत नाहीत. किती चांगला कायदा आहे. त्या पोराची बदनामीची नोटीस आल्यापासून ती जेवत नाही हो, दोन वर्षं आत टाकतात म्हणे या वयात. मी रोज सांगते तिले, कायदाच तुले वाचवते, तू जेव.

खात्री? केली की. फोनवर साफ सांगतलं तिनं, मी डोळ्यानं पाह्यलं, वायरी आन् घड्याळ. मी बाजूलेच बसली होती ना. मीच म्हटलं, “ऐकलं” म्हणशील तर ते येतच नाहीत, “पाह्यलं” म्हण — म्हणजे धीर दिला तिले, घाबरली होती. ती स्वतः? नाही हो, तिच्या गुडघ्यानं कुठं जिना चढवते, चार वर्षं झाली वर गेली नाही ती. — हे काय लिहिलं तुम्ही आता? ते नका लिहू.

बरं, पुढचं ऐका. पोलीस आले, दोन गाड्या, कुत्रं. सारा लेआउट, सारी वस्ती, गच्चीवर. त्याले नेलं आन् दुसऱ्या दिवशी सोडलं. निघालं काय, तर फवारणीचे ड्रोन — संत्र्याच्या बागांवर औषध मारतात ना, ते दुरुस्त करे तो. पण सोडलं म्हणून काही नव्हतंच असं कोण मानते? मीही नाही मानलं, खोटं काहून बोलू. आन् लगेच आला तान्हा पोळा. तुम्ही पुण्याकडच्या, तुम्हाले माहीत नसन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याइथं मारबत निघते, म्हणजे इडापिडेची मोठी बाहुली, संग बडग्या — चिंध्यांचा माणूस करतात, वर्षभर ज्याचा राग आला त्याचा, गळ्यात पाटी टाकतात, “इडा पिडा घेऊन जा” म्हणत फिरवतात आन् जाळतात. महागाईचा करतात, आम्ही दरवर्षी डेंगूचा करतो. यंदा पियुषचा केला. बॅटऱ्यांची माळ घातली, सकाळी प्रेमलताच्या गेटले टांगला. ती तर आत दवा घेऊन झोपली होती, तिले पत्ताच नाही. आता गेट तिचं म्हणून तेही नोटिशीत तिच्याच नावावर टाकलं त्यायनं, हा कुठला न्याय? पाटीवर नाव घातलं ते चुकलं, मानते मी. नुसतं “देशद्रोही” लिहिलं असतं तर चाललं असतं, पण मग खाली पाटी येवढी रिकामी दिसत होती — दिसत असन म्हणजे. ज्यानं लिहिली त्याले.

व्हिडिओ काढला कोणीतरी. तो व्हिडिओ पोचला काटोलले, तिथं सोयरीक झाली होती त्याची. मोडली त्यायनं. बागवाले बोलावत नाहीत आता. त्याचे वडील, रुपराव, सामान न्यायले आले होते. माह्याच ओट्यावर बसले, पाणी मागतलं. म्हणे, बाई, पोराच्या नावासंग माहं नाव लिहिलं होतं, आडनावासकट, काना-मात्रेची चूक नाही. येवढं सुंदर अक्षर कोणाचं आहे इथं? — मी म्हटलं, चहा टाकू का.

माहं अक्षर? सातवी शिकली मी, पण गणपतीचा बोर्ड मीच लिहिते, सारा लेआउट सांगन. तुमच्या हाती ही वडी आहे ना, तिच्या डब्यावरची चिठ्ठी— काहून पाहून राहिल्या तिच्याकडे? ठेवा तो डबा.

हा कोणता कागद? चष्मा नाही जवळ, वाचा तुम्हीच. — बघा. बॅटरी फुटली होती, मंगळवारी, त्याच खोलीत. लिहिलं आहे ना पोलिसानं? मग मी काय खोटं बोलली? — पुढं काय? अरुंधतीनं सांगतलं? “हात भाजला त्याचा, मी मलम लावून दवाखान्यात नेलं.” … हे सांगून राहिली होती ती? मग मले पाहून चूप काहून झाली? येवढं तर मीही ऐकलं असतं. मीही हळद घेऊन वर गेली असती, बापा.

नाही. या जबानीवर सही नाही करत मी. समजलं मले, पाटीचं मी कबूल केलं की त्यातून ती सुटते, समजलं. पण मले सुना आहेत म्याडम, व्याही आहेत. तुम्ही आता निघा. प्रेमलताले सांगा मी घरी भेटली नाही. मागच्या गल्लीतून जा, इकडून ती ओसरीवरच बसली आहे.