फोटोतली बाई आमची न्हाई

पोलीस ठाणे घनसावंगी, दि. १९/११/२००४

भुजंग रखमाजी तौर, वय ६८ वर्षे, धंदा शेती, शिक्षण तिसरी, रा. घनसावंगी, जि. जालना.

ठाण्यात स्वतः येऊन सांगतो ते असं की, साळूबाई ही माझी थोरली बहीण. नवरा वारल्यापासून माझ्याच घरी राहती. हल्ली तिला इसर पडतो. मागच्या बाजाराच्या दिवशी ती बसस्टँडवरून कुठंतरी निघून गेली. तशी खबर मी इथं दिलेली हाये.

मी गावोगाव हिंडत व्हतो, तवा माझा मुलगा शिवाजी यानं तिच्या फोटोचे कागद छापून सगळीकडं चिटकवले. फोटो त्याच्या लग्नातला. स्टँडसमोरच्या स्टुडिओतल्या रामकिसननं तो कम्प्युटरवर करून दिला. मी बघितला न्हवता.

काल मी शहागडला गेल्तो. तिथं काकासाहेबाच्या चहाच्या हॉटेलात भिंतीवर कागद दिसला. नाव साळूबाई, खाली माझा पत्ता, आन फोटो कोण्या मास्तरणीचा. काकासाहेबाला इचारलं. तो म्हन्ला, "न्हाई बाबा, ही बाई आली न्हाई. कपाळावर गोंदलेली एक म्हातारी आल्ती, डोळ्यात पांढरं फूल पडलेली. ह्याच भिंतीला टेकून बसायची. मीच तिला कागद दाखवला, मावशे, हिला कुठं बघितलं का? तर म्हन्ली, न्हाई रे लेकरा, चांगल्या घरची दिसती, घरचे शोधत असतील."

ती ऊसतोडीच्या बायांसंगं जीपमध्ये बसून गेवराईकडं गेली, असं त्यानं सांगितलं.

मी तिथून सरळ रामकिसनच्या दुकानात आलो. इचारलं, "गोंदण कुठं गेलं?"

"पुसलं, आबा. जुनाट दिसत व्हतं. शिवाजीभाऊ म्हन्ले पेपरात जायचाय, आत्या जरा चांगली दिसू द्या."

"आन डोळा?"

"उजवा उचलून डावीकडं बसवला. बिलकुल कळत न्हाई, बघा."

"कळत न्हाई म्हणूनच बोंब झाली ना, येड्या. हरवली कोण आन तुम्ही शोधायला कोणाला लावलं?"

शिवाजी तिथंच उभा व्हता. रामकिसनवर माझी तक्रार न्हाई. हात चांगला हाये त्याचा. बाई दुसरी काढली, एवढंच.

पहिला फोटो कम्प्युटरात तसाच व्हता. तो काढून आणला हाये. त्यात तोंड वाकडं आलंय, पण तिचं हाये.

खरं वर्णन लिहून घ्यावं. रंग काळा. कपाळावर तुळस गोंदलेली, हनुवटीवर तीन ठिपके. डाव्या डोळ्यात फूल. समोरचे दोन दात न्हाईत. जेवली का इचारलं तर जेवले म्हनती, जेवलेली नसती. तिला तिचं नाव इचारू नये, भावाचं इचारावं. ते बराबर सांगती.

गेवराईच्या ठाण्याला फोन करून हेच सांगावं. शिवाजी बाहेर जीप घेऊन उभा हाये. आम्ही लगेच निघतो. ऊसतोडीच्या फडावर गेलेली म्हातारी झाकून राहत न्हाई, सापडतीच. जल्दी करावं.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं. जमादारसाहेबांनी रंग सावळा लिहिला व्हता, तो खोडून काळा करायला लावला. बाकी मी बोललो तसंच हाये.

सही
भुजंग रखमाजी तौर