चाक बसेपर्यंत

महामार्गावरच्या टायरच्या दुकानात स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत नर्सबाई बाकावर टेकल्या. शेजारी एक वयस्कर नवरा-बायको आपल्या गाडीचं चाक बसायची वाट बघत होते.

“एवढा मोठा खड्डा दिसला नाही तुम्हाला?”

“एक चुकवला की दुसरा हजर. कुठल्या कुठल्याकडे बघू?”

“मी ओरडले की, अहो सांभाळा म्हणून!”

“तिथंच तर घोळ झाला.”

“म्हणजे खापर माझ्या डोक्यावर?”

“अगं, परवापासून तू अबोला धरलेला. एकदम ‘अहो’ ऐकलं आणि मी रस्ता सोडून तुझ्याकडेच बघत राहिलो.”

“हळू बोला, त्या बाई ऐकताहेत.”

नर्सबाईंनी घाईघाईनं बंद पडलेला मोबाईल कानाला लावला.

“ऐकू देत. राग गेला का?”

“मुळीच नाही. पाहुण्यांसमोर माझ्या गाण्याला हसलात.”

“हसलो नाही, ठसका लागला होता.”

“अख्खं गाणं संपेपर्यंत?”

“बरं बाई, चुकलं माझं.”

तेवढ्यात मेकॅनिक हात पुसत आला.

“काका, चाक बसलं. पुढं डावीकडचा नवा रस्ता धरा. एक खड्डा नाही, सुसाट जाल.”

“ऐकलंस? नव्या रस्त्यानं जाऊ या.”

“नको, ह्याच रस्त्यानं चला. गाडी हळू जाते, आणि मला अजून बरंच बोलायचंय.”