वरचे ब्रेक

ऐका हो ऐका! शिवाजी पेठेतल्या समस्त लहानथोरांना, तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना आणि खास करून आमच्या मालकांना कळवण्यात येतं, की डबेवाली शालन सायकलवरनं पडली ती तिला सायकल येत न्हाय म्हणून पडली न्हाय. हे पहिल्यांदा लिव्हा, पावणं. आणि मी पडलो, उठलो असं बोलतो तसंच लिव्हा, आमच्याकडं बायका अशाच बोलत्यात, सुधारायला जाऊ नका.

माझं माहेर कागलकडचं. बापाच्या म्हशी. तो आजारी पडला की डेअरीला दूध मी घालायचो, बापाच्या सायकलला दोन्हीकडं किटल्या, माझा पाय नळीखालनं, आणि दूध सांडलं तर घरात जेवायचं नाव न्हाय. आता काय सांगू तुम्हाला, अशी पोरगी सायकलवरनं पडती व्हय? मग लग्न झालं, पेठेत आलो, मालक शिरोलीला फौंड्रीत. सासू म्हणाली, सून सायकलवर बसलेली आमच्यात चालत न्हाय. बरं म्हटलं. सासू गेली आणि मी डबे सुरू केलं, राजारामपुरीत क्लासला आलेल्या पोरींचं, तवा कुणी काय बोललं न्हाय, कारण आमटी माझी सगळ्यांनाच आवडती.

सायकल सुशांतची, म्हणजे माझ्या लेकाची. कॉलेजात हट्टानं घेतलेली, शर्यतीची, हँडल मेंढ्याच्या शिंगागत खाली वळलेलं. पुण्याला नोकरी लागली आणि त्यानं दुसरी भारीतली घेतली, ही पडली जिन्याखाली. मी म्हटलं, वापरतो. पण तिचं ब्रेक त्या शिंगांवर, लांब. माझं हात बारकं, बोटं पोचायची म्हणजे मला साडी नेसून निम्मं आडवं व्हावं लागायचं, आणि ते दिसतं कसं ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा, नको, ऱ्हाऊ दे. शकूरभाई मिस्त्रीनं हँडलच्या मधल्या सरळ दांडीवर आणखी दोन दांड्या बसवून दिल्या. तार तीच, ब्रेक तेच, फक्त ताठ बसून वरनं दाबायचं. वरचं ब्रेक. त्या दिवसापासनं मी राणीगत बसायचो. समोर बघायचो, कोण कुणाच्या दारात उभं हाय ते सगळं दिसायचं.

सुशांतला ते बघवायचं न्हाय. पुण्यात त्याचा ग्रुप हाय, रविवारी सगळं घट्ट कपडे घालून सिंहगडाकडं जात्यात. त्यानं कौतुकानं माझा फोटो तिथं टाकला, आईबी सायकल चालवती म्हणून, आणि माझ्याबद्दल सोडून सगळी त्या ब्रेकवरच बोलली, हे बारक्या पोरांच्या सायकलला असतंय म्हणं. मला म्हणाला, आई, ह्या ब्रेकला जोर नसतो, खालचं दाबायची सवय कर. मी म्हटलं, माझी बोटं लांब कर, मग करतो.

हे बोलणं झालं शनिवारी, तो सुट्टीला घरी आलेला तवा. रविवारी सकाळी मला घाई, लेक आलाय म्हणून त्याच्यासाठी मटण आणायचं हुतं, त्याआधी डबं पोचवायचं. दोन्हीकडं हँडलला पिशव्या अडकवल्या आणि निघालो. हँडलला नवी काळी पट्टी गुंडाळलेली दिसली. म्हटलं, लेकानं आईसाठी एवढं केलं. डोळं भरलं माझं, खरं सांगतो. पिशव्यांच्या मधे काय उरलंय ते कोण बघतंय, आणि सपाट गल्लीत ब्रेक लागतो कुठं, पाय टेकवला की झालं.

उतार लागला. खाली चौकात गवळ्याच्या म्हशी उभ्या, लोक पेले घेऊन धारेच्या दुधाला थांबलेले. माझे हात सवयीनं वर गेले आणि दाबलं, तर मुठीत नुसती पट्टी. परत दाबलं. पट्टीच. खाली वाकून शिंगं धरायला गेलो तर पिशवी गुडघ्यात, आणि समोर म्हैस. भिंत निवडली मी. म्हशीच्या पाठीवर माझी आमटी, आणि गवळी वरडतोय, अहो मावशी, म्हशीला लागलं न्हाय न्हवं?

मनगट दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात सगळी जमली. मालक म्हणालं, ह्या वयात सायकल कशाला मारायची, ब्रेक लावायचं सोडून बडबडत गेली असंल. डॉक्टर हसलं, नर्स हसली. सुशांत खिडकीजवळ उभा. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं मोबाइलमधी बघितलं. मी बोललो असतो तर मालकानं तिथंच त्याची अब्रू काढली असती, म्हणून म्हटलं, त्यालाच बोलू दे. एवढंच पायजे हुतं मला, की आई, मी काढलं. वरडलो नसतो.

तेव्हापासनं हात पिळत न्हाय. कणीक मालक मळत्यात, लई घट्ट, चपात्या चावायला दात पायजेत. डबं रिक्षानं जात्यात. कट्ट्यावरनं कुणी ना कुणी विचारतंच, काय शालनवैनी, आज ब्रेक लागतोय न्हवं? मी हसतो. आतनं नुसती जळजळ. कागलच्या रस्त्यावर किटल्या वाहिलेली बाई मी, आणि पेठेला मी ठाऊक कशापायी, तर म्हशीला आमटी घातली म्हणून.

गेल्या आठवड्यात सुशांत आला. मालक कामावर, घरात आम्ही दोघंच. जिन्याखालची सायकल त्यानं बाहेर काढली, पुसली, मग माझ्याजवळ येऊन बसला आणि माझं वाकडं मनगट हातात धरलं. पावणं, म्हटलं, आलं आता ओठावर. मी मनात माफबी करून टाकलं, नुसतं करून न्हाय, त्याच्यासाठी चहात आलं किसून घालायचं ठरवलंबी. देव त्याला सुखात ठेवो, माझंच पोरगं हाय, मी काय शाप देणार हाय? पण तो जे बोलला ते ऐकलं आणि ठरवलं, आता कुणाला तरी सांगायचंच. माझं मनगट हातात तसंच, नजर सायकलवर, आणि एकदम खुशीत म्हणाला: आई, बरं झालं की गं मी ते वरचं ब्रेक काढून टाकलेलं, न्हायतर ह्या सायकलला गिऱ्हाईक मिळालं नसतं!