आमच्या अ‍ॅपवरची एकुलती एक हळद

आमच्या हॅकेथॉनचं नाव काढू नका, पण आता काढलंच आहे तर ऐका.

आम्ही अ‍ॅप बनवलं होतं. आज आसपास कुठे काय कार्यक्रम आहे, ते दाखवणारं. अ‍ॅप एकदम मस्त चालत होतं, फक्त त्यात एकही कार्यक्रम नव्हता. मग टीममधल्या प्रथमेशने त्याच्या चुलतभावाची हळद टाकली. करावे गाव, संध्याकाळी, डीजे, मटण, सगळ्यांना आमंत्रण.

परीक्षक सर स्क्रीन बघून म्हणाले, "ही तर घरगुती हळद आहे."

प्रथमेश म्हणाला, "सर, आमच्यात हळदीला कोनीबी येतो. तू कोनाचा, असं कोनी विचारत नाय."

"पण ओळख नसताना कुणाच्या हळदीला कोण जाईल?" असं म्हणत सरांनी दहापैकी दोन मार्क दिले.

संध्याकाळी दुःख विसरायला मी हळदीला गेलो. पंगतीत जागा मिळाली, तर शेजारी सर. पुढ्यात मटण आणि तांदळाची भाकरी.

"सर, तुम्ही?"

"लोकेशन बरोबर दाखवतंय का, बघायला आलो," सर नळी चोखत म्हणाले.

तेवढ्यात प्रथमेशची काकी, म्हणजे नवऱ्याची आई, वाढायला आली. सरांच्या ताटात आणखी मटण घालून तिने माझ्याकडे बघत त्यांना विचारलं, "ह्यो तुमच्यासंगती हाय का?"

सरांनी मला नीट न्याहाळलं. "नाही हो. ओळख नाही."

"नसंना का," काकी म्हणाली आणि माझं ताट भरलं.