गाठी नसलेला हरभरा

शिवशरण : राहू द्या चंद्रव्वा, आणखी उपटू नका. सात रोपं बघितली. एकाच्याही मुळीला गाठ नाही.

चंद्रव्वा : गाठ न्हाय तर बरंच की, सायेब. रोग न्हाय म्हनायचं.

शिवशरण : तो रोग नसतो. त्या गाठींत जिवाणू राहतात, हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. शेजारच्या महिपतीच्या मुळ्यांवर बघा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी आहेत. म्हणून त्याचं रान हिरवंगार, तुमचं पिवळं.

चंद्रव्वा : तुमच्या शेतीखात्याची ती काळी पूड गुळाच्या पान्यात कालवून बियाला चोळली. सावलीत वाळवली. समदं तुमी सांगितलं तसंच.

मल्लप्पा : हात कुनाचा लागला ते बघा की. माजा भाऊ जाऊन वरीस झालं न्हाय, अन् वैनीनं बियाला हात घातला. चावडीवर सांगून आलोय, पुढच्या सालापासनं हे रान मीच करनार.

चंद्रव्वा : दुष्काळात खडी फोडली, पन हे रान इकलं न्हाय मी. आता रोज हेच ऐकून मलाबी वाटाया लागलंय, असंल माजाच हात वाईट.

शिवशरण : नाही. चूक माझी आहे.

मल्लप्पा : म्हंजी?

शिवशरण : महिपतीला त्या जिवाणूंच्या पुडीची पाकिटं दिली, त्याच दिवशी निरोप आला, बायको बाळंतपणात अडली म्हणून. चंद्रव्वांची पाकिटं पत्र्याच्या खोलीत टाकून सोलापूरला गेलो. पाच दिवस. ऑक्टोबरचं ऊन. त्यात जिवाणू जगत नाहीत. आलो आणि तीच पाकिटं यांना दिली. डोकं चालत नव्हतं.

चंद्रव्वा : अन् बाळ?

शिवशरण : नाही राहिलं.

मल्लप्पा : वाईट झालं, सायेब. आता हे हितंच मिटवू. वैनी, रान तुमीच करा.

चंद्रव्वा : हितं न्हाय, भावजी. चावडीवर बोलला, तितंच सांगा.

शिवशरण : मीही येतो चावडीवर. माझ्या वरच्या साहेबांनाही लेखी कळवणार आहे. नोकरीचं व्हायचं ते होवो.

(चावडीवरून परतताना. मल्लप्पा मागे राहिलाय.)

चंद्रव्वा : मान खाली घालून का हुईना, बोलले भावजी. तुमची बायको कशी हाय?

शिवशरण : बोलत नाही कुणाशी.

चंद्रव्वा : हिकडं घिऊन या चार दिस. न्हाय बोलली तरी चालंल. मालक गेल्यापासनं मला मुक्या घराची सवय हाय.